सूर्य सगळ्यांचा, साठा कोणाचा?

अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये सध्या एक नवी चर्चा रंगते आहे. गच्चीवर सोलर पॅनेल बसवून झाली, आता त्यांना बॅटरी जोडायची का? किती युनिटची? लेड-ॲसिड घ्यायची की लिथियम? चर्चा वरवर तांत्रिक आहे. पण ज्या समाजाने 'पाणी कोणाचे' हा प्रश्न विचारून आपला लढा उभा केला, त्या समाजाच्या तरुणांनी 'वीज साठवायची कोणी' हा प्रश्न तांत्रिक समजून इलेक्ट्रिशियनवर सोडून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा मुद्दा सुरुवातीलाच मांडतो. घरोघरी, ज्याच्या त्याच्या पैशाने बॅटरी, ही वाट आपल्या बहुसंख्य लोकांसाठी बंद आहे, आणि ती बंद राहील अशीच सरकारी धोरणाची रचना आहे. म्हणून आपली मागणी 'आम्हालाही बॅटरीला अनुदान द्या' एवढ्यावर थांबता कामा नये. वीज साठवण ही वस्तीची, इमारतीची, विहाराची सामूहिक मालमत्ता झाली पाहिजे. आणि ही मागणी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहण्याआधी झाली पाहिजे.

आधी यंत्र समजून घेऊ

उपनगरात बहुतेक ठिकाणी जे सोलर बसते त्याला 'ऑन-ग्रिड' म्हणतात. पॅनेल दिवसा वीज तयार करते, इन्व्हर्टर ती घरच्या विजेसारखी करतो, घरात वापरून उरलेली वीज मीटरमधून कंपनीच्या जाळ्यात जाते. रात्री तुम्ही त्याच जाळ्यातून वीज घेता आणि बिलात दिलेली व घेतलेली युनिट एकमेकांतून वजा होतात. हेच नेट मीटरिंग. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०१९ चे विनियम त्याला लागू आहेत. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत अदानी आणि टाटा या दोन कंपन्या, मुलुंड-भांडुपला महावितरण. ग्राहक कोणाचाही असो, तत्त्व तेच.

म्हणजे नेट मीटरवाल्याला एक बॅटरी आधीच मिळालेली असते. ती म्हणजे सार्वजनिक वीज-जाळे. दुपारची वीज तिथे ठेवायची, रात्री परत घ्यायची. तारा, ट्रान्सफॉर्मर, उपकेंद्रे यांचा खर्च सगळ्या ग्राहकांच्या बिलातून निघतो. तुमच्या-आमच्याही.

मग वेगळी बॅटरी कशाला? पहिले कारण, वीज गेली की ऑन-ग्रिड सोलरही बंद पडते. हे पुष्कळांना माहीत नसते. तारा दुरुस्त करणाऱ्या कामगाराला गच्चीवरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला थांबवतो. १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासचा वीजपुरवठा कोसळला, लोकल थांबल्या, मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. डोक्यावर सूर्य होता, पण ज्यांच्या गच्चीवर नुसते ऑन-ग्रिड पॅनेल होते त्यांचीही घरे तेवढीच ठप्प होती. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी असलेली घरे तेवढी चालू राहिली असणार.

दुसरे कारण विजेच्या दराचे आहे. त्याकडे पुढे येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

बॅटरीचे साधे गणित

विक्रेत्याच्या तोंडी आकडे फार मोठे असतात, म्हणून हे गणित प्रत्येक कार्यकर्त्याला यायला हवे. इन्व्हर्टरसोबत मिळणारी नेहमीची १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १.८ युनिटची असते. पण ती रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर मरते. म्हणजे कामाची वीज जेमतेम ०.९ युनिट. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालत राहावे लागते आणि काही वर्षांत बदलावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला बाजारात एलएफपी म्हणतात, ती ८० ते ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते, हजारो वेळा भरते-रिकामी होते, पण सुरुवातीची किंमत बरीच जास्त. दोन पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज आणि वायफाय असलेल्या घराला संध्याकाळ ते रात्र साधारण दोन-तीन युनिट लागतात. पाच युनिटची एलएफपी बॅटरी एसी नसलेल्या घराची रात्र काढते.

आता सरकारी मदत कशाला मिळते ते बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने 'पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना' आणली. एक कोटी घरे, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तीन किलोवॉट किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये. हे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते. बॅटरी जोडायला मनाई नाही, पण तिचा खर्च ज्याचा त्याने करायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलर साहित्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. सुटी बॅटरी घ्यायला गेलात तर मात्र १८ टक्के.

थोडक्यात, ऊन पकडायला सरकार मदत करते. ते साठवायला ज्याच्या खिशात दम आहे त्याने साठवावे.

छत नावाची जात

या योजनेची पहिली अट आहे स्वतःचे घर आणि त्यावर पॅनेल बसेल असे छत. मुंबईच्या उपनगरात ही एकच अट निम्मी चाळणी करते. घाटकोपर, विक्रोळी, भांडुपच्या डोंगरउतारावर, कुर्ला-साकीनाक्यात, मालवणीत जी घरे आहेत त्यांवर पत्रा आहे, पत्र्यावर ताडपत्री आहे, आणि जमिनीच्या कागदावर नाव नाही. कित्येकांना स्वतःचे मीटरही नाही. शेजाऱ्याच्या मीटरवरून तार घ्यायची आणि तो सांगेल तेवढे पैसे महिन्याला द्यायचे. ज्याच्या नावावर मीटर नाही त्याला कसले नेट मीटर?

या शहरात कोणाच्या डोक्यावर सिमेंटचे छत आहे आणि कोणाच्या डोक्यावर पत्रा, हे नशिबाने ठरलेले नाही. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून कोण आले, ते कुठे उतरले, त्यांना कोणते काम मिळाले, कोणत्या सोसायटीत भाड्याने खोली मिळाली नाही, याचा हा सगळा हिशेब आहे. जात गावात वेशीबाहेर दिसते. शहरात ती मालमत्तेच्या कागदात दिसते.

राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची पूरक योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला राज्याचे १७,५०० रुपये, महिना १०० युनिटच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० रुपये. केंद्राचे ३०,००० त्यात मिळवले की एक किलोवॉटचे पॅनेल अगदी थोड्या पैशांत बसते. चांगली गोष्ट आहे, गावाकडच्या आपल्या नातेवाइकांना जरूर सांगा. पण ती महावितरणच्या ग्राहकांसाठी आहे, म्हणजे उपनगरातला मोठा भाग तिच्या बाहेर. आणि मुलुंड-भांडुपला ती लागू झाली तरी प्रश्न तोच : छत दाखवा.

बरे, पुनर्वसनाच्या इमारतीत गेलो तर छत मिळते का? हिशेब करून बघू. समजा बावीस मजल्यांची इमारत आहे, मजल्यावर दहा घरे, म्हणजे २२० कुटुंबे. गच्ची पाच हजार चौरस फुटांची धरा. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, सावली वगळता निम्मी मोकळी मिळाली तर अडीच हजार चौरस फूट. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट लागतात, म्हणजे २५ किलोवॉट. मुंबईत एक किलोवॉट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो. एकूण शंभर युनिट. वाटणीला आले कुटुंबामागे अर्धा युनिटही नाही. दुसरीकडे, तीन किलोवॉटचे पॅनेल लावणाऱ्या बंगल्याला किंवा रो-हाऊसला ३०० चौरस फूट गच्ची लागते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला राहायला मिळणारे अख्खे घरही ३०० चौरस फुटांचेच आहे. एकाचे सोलर मावते तेवढ्या जागेत दुसऱ्याचा संसार मावतो.

म्हणून 'हर घर सोलर, हर घर बॅटरी' ही घोषणा मुंबईच्या बाबतीत गणितातच खोटी ठरते.

संध्याकाळची किंमत

आता दराकडे येऊ. केंद्राने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. दिवसाचे आठ तास 'सौर तास' धरायचे, त्या वेळची वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त द्यायची आणि गर्दीच्या तासांत दर वाढवायचा. व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट, शेती सोडून बाकीच्यांना किमान १.१ पट. राज्याराज्यांत ते टप्प्याटप्प्याने येते आहे. महाराष्ट्रात महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत देऊन सुरुवात झाली आहे. दिशा स्पष्ट आहे : दुपारची वीज स्वस्त होणार आणि संध्याकाळची महाग.

वीजनिर्मितीच्या दृष्टीने हे तर्काला धरून आहे, मी नाकारत नाही. दुपारी सौरवीज भरपूर असते, संध्याकाळी सूर्य मावळतो आणि मागणी वाढते. पण समाजशास्त्राच्या दृष्टीने विचारा, दुपारी घरी कोण असते? पहाटे लोकलने निघून चार घरची धुणीभांडी करणारी आपली बाई दुपारी दुसऱ्याच्या घरात असते, दुसऱ्याच्या विजेवर दुसऱ्याचे वॉशिंग मशीन लावत असते. तिच्या स्वतःच्या घरात दिवा लागतो संध्याकाळी सातनंतर. पंखा, टीव्ही, मिक्सर, पोरांचा अभ्यास सगळे सातनंतर. सवलत तिच्या गैरहजेरीत येते आणि वाढीव दर ती घरी पोहोचल्यावर.

ज्याच्याकडे बॅटरी आहे त्याला याची झळ नाही. तो दुपारची वीज साठवेल, संध्याकाळी वापरेल, महागड्या तासांत जाळ्याकडे बघणारही नाही. बॅटरी वेळ विकत घेते आणि वेळ विकत घेण्याची ऐपत सगळ्यांकडे नसते.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. वीजदर टप्प्यांचे असतात : शंभर युनिटपर्यंत कमी दर, मग ३००, मग ५०० आणि त्यापुढे चढता. वरच्या टप्प्यातले ग्राहक जास्त भरतात म्हणून खालच्याला थोडा दिलासा मिळतो. आता हेच वरचे ग्राहक पॅनेल आणि बॅटरी घेऊन जाळ्यातली खरेदी कमी करत गेले तर तारा, खांब, उपकेंद्रांचा स्थिर खर्च कमी होत नाही. तो उरलेल्यांच्या बिलावर चढतो. उरलेले कोण, हे वेगळे सांगायला नको.

हे आपण आधी पाहिले आहे. सधन वर्ग महापालिकेच्या शाळेतून बाहेर पडला, शाळा ओस पडल्या. सरकारी रुग्णालयातून बाहेर पडला, तिथले हाल त्याला दिसेनासे झाले. ज्या सार्वजनिक व्यवस्थेत ताकदवान माणसे नसतात तिच्यासाठी भांडणारे कमी होतात. वीज ही अजून तरी सगळ्यांची एकच व्यवस्था आहे. बॅटरी हा तिच्यातून बाहेर पडण्याचा दरवाजा ठरू शकतो.

बाबासाहेबांची वीज

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगार कायद्यांसाठी आपण ती वर्षे आठवतो, पण वीज आणि पाटबंधारे यांचे धोरणही त्याच काळात त्यांच्या खात्यातून आकाराला येत होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. त्यांची भूमिका अशी की, स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योग उभे राहिले नाहीत तर शेतीवर तुंबलेली गरीब माणसे त्या गर्तेतून बाहेर पडणार नाहीत. वीज त्यांच्या दृष्टीने चैन नव्हती, सुटकेचे साधन होती. पुढे १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी घटनात्मक तरतूदच सुचवली. ज्याच्या हाती जगण्याची साधने असतात तो दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर राज्य करतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ख) मध्येही समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताचे ठरेल अशा रीतीने विभागावे, असे राज्याला सांगितले आहे.

आणि महाड? चवदार तळे म्हणजे तरी काय, पाण्याचा साठा. पाऊस सगळ्यांवर पडत होता. तो कोणाच्या जातीचा नव्हता. पण पावसाचे पाणी एकदा तळ्यात साठले की त्याला मालक फुटले. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे ठरवले, तरी ओंजळभर पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले तेव्हा कागदावरचा हक्क हातात आला, आणि न्यायालयातली लढाई संपायला पुढे १९३७ उजाडले. ऊनही पावसासारखेच आहे. ते पत्र्यावर पडते तसेच टॉवरवर पडते. भेद सुरू होतो तो साठ्यापाशी. आज योजना कागदावर सगळ्यांना खुली आहे, जशी ती ठरावानंतरची तळी होती.

दोन आक्षेप

काही मित्र म्हणतील, अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्त्या असे जळते प्रश्न असताना हे बॅटरीचे काय घेऊन बसलात? माझे उत्तर असे की, जो प्रश्न आज जळत नाही तोच आज सोडवता येतो. इमारतीचे नकाशे मंजूर झाल्यावर, करार झाल्यावर, गच्ची दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यावर आपण मोर्चा काढतो. गृहनिर्माणात हेच झाले. ऊर्जेत ते होऊ देऊ नये.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच नोकरदार बंधू-भगिनींचा असेल : आम्ही कष्टाने बोरिवलीला फ्लॅट घेतला, आता बॅटरी घेतली तर आम्ही गुन्हेगार का? अजिबात नाही. जरूर घ्या, चांगली घ्या, गणित करून घ्या. नेट मीटर असेल आणि वीज क्वचितच जात असेल तर आज ती बॅटरी पैशाच्या हिशेबाने लवकर वसूल होणार नाही, हेही लक्षात घ्या. मात्र आपण वर आलो त्या शिडीची आठवण ठेवून सोसायटीच्या बैठकीत सामायिक साठवणीचा मुद्दा मांडा. आणि सुटीच्या दिवशी वस्तीत येऊन हेच गणित दहा पोरांना शिकवा.

मागायचे काय?

पहिली मागणी पुनर्वसनाच्या इमारतींबाबत. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचे नाव घेतले की ११ जुलै १९९७ आठवतो. पुतळ्याची विटंबना, त्यानंतरचा गोळीबार, दहा जणांचे प्राण. त्या वस्तीचा पुनर्विकास आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत. हजारो कुटुंबे उंच इमारतींमध्ये जाणार आहेत. उंच इमारतीत वीज गेली की पाणी वर चढत नाही आणि आजी खाली उतरत नाही. पुनर्वसनाच्या कित्येक इमारतींची खरी व्यथा हीच आहे : घर मिळाले, पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचे सामायिक बिल भरता भरता सोसायटी कर्जात जाते आणि लिफ्ट बंद पडते. जनरेटर असला तर डिझेलला पैसे नसतात.

वरचा हिशेब इथे उलटा लावा. २५ किलोवॉटच्या गच्चीतून २२० घरांना प्रत्येकी अर्धा युनिट मिळतो, तो कोणालाच पुरत नाही. पण तेच शंभर युनिट एकत्र ठेवले तर लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या बिलाचा मोठा वाटा उचलतात. पंप दुपारीच चालवला तर पाण्याची टाकी हीच अर्धी बॅटरी होते. सोबत वीस-पंचवीस युनिटची सामायिक बॅटरी आणि लिफ्टची मोटर ओढेल असा इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावरही एक लिफ्ट काही तास चालते. जे वाटून संपते ते एकत्र ठेवले की पुरते. सूर्य घर योजनेत सोसायटीच्या सामायिक सुविधांसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात, म्हणजे या उदाहरणात साडेचार लाख. त्यात बॅटरी बसत नाही. म्हणून मागणी अशी : पुनर्वसनाच्या प्रत्येक इमारतीत सामायिक सोलर आणि साठवण बांधकामाचा भाग म्हणून विकासकाने द्यावी, तिच्या देखभालीची तरतूद कॉर्पस निधीत असावी आणि गच्चीचा ताबा रहिवाशांच्या सोसायटीकडेच राहावा, मोबाइल टॉवरच्या करारात तो परस्पर जाऊ नये.

दुसरी मागणी वीज कंपन्यांकडे आणि आयोगाकडे. २०२५ मध्ये टाटा पॉवरला मुंबईत १०० मेगावॉटची बॅटरी साठवण उभारायला आयोगाने मंजुरी दिली. मोठा बिघाड झाल्यास मेट्रो, रुग्णालये, विमानतळ, डेटा सेंटर यांचा पुरवठा लवकर सुरू व्हावा, हा त्यामागचा एक उद्देश सांगितला गेला. रुग्णालय आधी, हे मान्यच. पण नियंत्रित वीज कंपनीची अशी गुंतवणूक शेवटी ग्राहकांच्या दरातून वसूल होते. मग दाट वस्त्यांमधले पाण्याचे पंप, सार्वजनिक शौचालये, आरोग्यकेंद्रे त्या यादीत कुठे आहेत, हे आयोगाच्या जनसुनावणीत विचारायला आपला माणूस उभा राहिला पाहिजे. दरवाढीच्या प्रस्तावावर हरकती घेण्याचा हक्क कोणत्याही ग्राहकाला आहे. आपल्या संघटना तो फार कमी वापरतात.

तिसरी, छत नसलेल्यांचा वाटा. दिल्लीत २०१९ पासून 'व्हर्च्युअल नेट मीटरिंग'ची नियमावली आहे. पॅनेल एका जागी, आणि त्याची युनिट अनेक ग्राहकांच्या बिलात ठरलेल्या वाट्याने वजा. उपनगरात महापालिकेच्या शाळा, मंडया, बस आगारे, मेट्रोच्या कारशेड यांची छपरे आहेत. त्यांतला एक वाटा झोपडपट्टीतल्या मीटरधारकांच्या नावे लावून दाखवा. ज्यांना मीटर नाही त्यांना आधी मीटर द्या. पैसा नाही म्हणू नका. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी आहे. २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा पैसा लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याबद्दल खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. वळवायला पैसा असतो, तर वस्तीसाठीही असतो.

आणि आपण काय करायचे?

सरकारची वाट बघत बसणे ही आपली परंपरा नाही. सुरुवात विहारापासून करू. उपनगरातल्या पुष्कळ बुद्ध विहारांना पक्के छत आहे आणि तळाशी अभ्यासिका आहे. ३०० चौरस फुटांच्या घरात जागा नसते म्हणून एमपीएससीची, बारावीची, सीईटीची पोरे-पोरी रात्री तिथे बसतात. दहा एलईडी ट्यूबलाइट, सहा कमी विजेचे पंखे, आठ-दहा लॅपटॉप-मोबाइल चार्जिंगला. सगळे मिळून सात-आठशे वॉट. सहा तासांचे चार-साडेचार युनिट. दोन किलोवॉटचे पॅनेल आणि पाच-सहा युनिटची एलएफपी बॅटरी एवढ्यात काम भागते. घरगुती अनुदान विहाराला मिळणार नाही. आजच्या बाजारभावाने खर्च साधारण अडीच-तीन लाखांच्या घरात जाईल. रक्कम मोठी आहे, पण चौदा एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेवर कोणत्या मंडळाचे किती जातात, हे मी सांगायची गरज नाही. जयंती वाजतगाजत व्हावीच. पण तिच्यातला तिसरा हिस्सा तीन वर्षे बाजूला काढला तर एक अभ्यासिका पुढची दहा वर्षे अंधारात जाणार नाही.

काम करताना चार गोष्टी पक्क्या ठेवा. बॅटरी जिन्यात किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवायची नाही, आग लागली तर तीच वाट हवी असते. लेड-ॲसिड असेल तर खोलीला हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. इन्व्हर्टर हायब्रिड आहे आणि वीज गेल्यावर खरोखर चालतो, हे पैसे देण्याआधी मेन स्विच पाडून बघायचे. आणि देखभालीचा हिशेब विहाराच्या फलकावर दर महिन्याला लावायचा, म्हणजे साठा सामूहिक राहतो, कोणा एकाचा होत नाही.

शेवटचा मुद्दा बॅटरी मेल्यानंतरचा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. प्रत्यक्षात शिसे असलेली बॅटरी भंगारात जाते आणि कुठल्या तरी गल्लीत उघड्यावर फोडली जाते. फोडणारे हात बहुतेक दलित-मुस्लिम वस्तीतले असतात आणि शिशाची धूळ त्यांच्या लेकरांच्या रक्तात उतरते. वरच्या मजल्यावर हरित ऊर्जा आणि खालच्या गल्लीत विष, ही नवी वर्णव्यवस्था आपण मान्य करणार नाही. जुनी बॅटरी अधिकृत ठिकाणी परत दिल्याची पावती मागणे, ही मोहीम प्रत्येक सोसायटीत आपला एक कार्यकर्ता चालवू शकतो.

तरुण मित्र-मैत्रिणींनो, येत्या काही वर्षांत या शहरात हजारो इमारती पडतील आणि उभ्या राहतील. त्यांच्या गच्च्या कोणाच्या, त्यांवरचे ऊन कोणाचे आणि त्या उन्हाचा साठा कोणाच्या कुलपात, हे आत्ता ठरते आहे. आपल्या इमारतीचा नकाशा मागवा. आयोगाच्या सुनावणीची तारीख वहीत लिहून ठेवा. विहाराची गच्ची मोजा. तळ्यावर जायचे तर आधी तळे कुठे आहे ते ठाऊक असावे लागते.

जय भीम! जय संविधान!